लघवीनंतर नुसत्या पाण्याने हात धुतले तर पुरते का?

प्रश्न – मृण्मयी

आमच्या घरात गेले काही दिवस एकाच विषयावर वाद चालू आहे आणि तो नुसत्या मतांनी मिटेल असे दिसत नाही, म्हणून कारणांसहित माहिती हवी आहे. माझे धाकटे दीर लघवी करून आल्यावर नळाखाली बोटे जेमतेम भिजवतात आणि पँटला हात पुसत बाहेर येतात. त्यांचे म्हणणे असे की शौचाहून आल्यावर साबण लावलाच पाहिजे, पण लघवीच्या वेळी हाताला काही लागत नाही, शिवाय निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, मग दर वेळी साबण कशासाठी? मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमकेपणाने सांगताही येत नाही. परवा सात वर्षांच्या मुलीला मी साबण लावायला परत पाठवले, तेव्हा ती न्हाणीघराच्या दारातच अडून म्हणाली, “काका लावत नाही, मग मीच का लावायचा?” तिला “मी सांगते म्हणून” एवढेच उत्तर देणे मला बरे वाटले नाही. सॅनिटायझर लावून भागते का, आणि जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण घ्यावा का, हेही कोणी जाणकाराने सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लघवी निर्जंतुक असते ही समजूत जुनी आहे आणि ती अगदी बरोबर नाही. नव्या तपासण्यांमध्ये निरोगी माणसांच्या मूत्राशयातही थोड्या प्रमाणात जिवाणू आढळले आहेत. पण तुमच्या दिरांच्या युक्तिवादातली खरी चूक निराळी आहे. ते लघवीचा विचार करतात. विचार करायला हवा तो हाताने कशाकशाला स्पर्श केला याचा. जांघेच्या आसपासच्या त्वचेवर आतड्यातले जिवाणू असतातच. त्याखेरीज दाराची कडी, फ्लशचे बटण आणि नळाची चावी यांना आपल्या आधी ज्यांनी हात लावला, ते शौचाहून उठलेले होते की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. फ्लश करताना उडणारे बारीक तुषारही आजूबाजूच्या पृष्ठभागांवर बसतात. एक ग्रॅम विष्ठेत जिवाणूंची संख्या सुमारे १० हजार कोटींच्या घरात असते, आणि शिगेला हा रक्ती आव निर्माण करणारा जिवाणू अवघ्या १० ते १०० इतक्या संख्येने पोटात गेला तरी माणूस आजारी पडू शकतो. इतका मळ डोळ्यांना दिसणे शक्यच नाही, त्यामुळे “हाताला काही लागले नाही” या म्हणण्याला काही आधार उरत नाही.

नुसत्या पाण्याने पुरते का, याचे उत्तर आकड्यांत देता येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना सार्वजनिक ठिकाणच्या दारांच्या मुठी आणि कठडे यांना हात लावायला सांगितले होते. हात न धुतल्यास ४४ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येऊ शकणारे जिवाणू सापडले, नुसत्या पाण्याने धुतल्यास २३ टक्के, आणि साबणाने धुतल्यास ८ टक्के. म्हणजे पाण्याने काहीच होत नाही असे नाही. पण साबणाने त्याच्याही पलीकडे बरेच होते.

यामागचे कारण मुलीलाही समजेल असे आहे. त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो आणि जंतू त्या थरात चिकटून बसतात. पाणी तेलावरून ओघळून जाते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला, त्यामुळे चोळल्यावर तेलासकट जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. काही विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असते, ते साबणाने फुटते. मात्र जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोविषाणूला असे आवरण नसते, आणि म्हणूनच अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर म्हणावा तसा परिणाम होत नाही. शौचालयातून आल्यावर सॅनिटायझरवर भागवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद – शुश्रूषा

मी परिचारिका आहे. वरच्या उत्तरात एक भर घालते, कारण साबण लावणे आणि हात धुतले जाणे यांत मोठे अंतर असते. आमच्या प्रशिक्षणात हाताला एक चकाकणारा द्रव चोळून मग नेहमीसारखे हात धुवायला सांगतात आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायला लावतात. मी तोवर रोज पुष्कळदा हात धुणारी होते, तरी माझ्या दोन्ही अंगठ्यांची मुळे, नखांच्या कडा आणि बोटांची टोके लखलख चमकत होती. तळवे मात्र स्वच्छ. ज्या टोकांनी आपण घास उचलतो आणि डोळा चोळतो, नेमकी तीच राहून गेलेली होती. तेव्हापासून मी बोटांची टोके दुसऱ्या तळव्यावर खरवडल्यासारखी घासते आणि प्रत्येक अंगठा मुठीत धरून फिरवते. साबण लावून किमान २० सेकंद चोळावे.

हात स्वच्छ वाटण्यावर विसंबू नये, हे आमच्या व्यवसायाला फार मोठी किंमत मोजून कळले. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना बाळंतिणींना तपासण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. त्या विभागात एप्रिलमध्ये बाळंतिणींचा मृत्युदर १८ टक्क्यांवर होता. जूनमध्ये तो २ टक्क्यांच्या आसपास आला. त्या डॉक्टरांनाही आपले हात स्वच्छच वाटत होते.

प्रतिसाद – कोरडी त्वचा

वरील सर्व मान्य करूनही एक अडचण मांडतो. मला हातांचा इसब आहे आणि दिवसातून १० वेळा साबण लावला की बोटांच्या पेरांवर भेगा पडतात. अशा माणसाने काय करावे?

प्रतिसाद – शुश्रूषा

ही अडचण खरी आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही, कारण भेगाळलेल्या त्वचेत जंतूंना अधिक थारा मिळतो. गरम पाणी टाळा; त्याने हात अधिक स्वच्छ होत नाहीत, त्वचा मात्र कोरडी पडते. सुगंध नसलेला सौम्य साबण वापरा, तो पूर्ण निघून जाईपर्यंत हात धुवा, न घासता टिपून कोरडे करा आणि लगेच मलम किंवा साधे पेट्रोलियम जेली लावा. भेगांतून रक्त येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रतिसाद – मृण्मयींचा दीर

वहिनींनी ज्याच्याबद्दल लिहिले आहे तो मीच. २३ आणि ८ हे आकडे वाचल्यावर माझा मुद्दा टिकत नाही, हे मान्य करतो. दोन शंका उरतात. सार्वजनिक ठिकाणी अनेकांनी हाताळलेली साबणाची वडी वापरावी का? आणि हात पँटला पुसल्याने काय बिघडते?

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

वडीवर जंतू असतात, पण चोळून वाहत्या पाण्याखाली धुतल्यावर ते हातावर राहून त्रास देतील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. वडी पाण्यात भिजत पडू नये, एवढे पाहावे. उलट द्रवसाबणाची बाटली न धुता वरचेवर भरत राहिले तर तिच्यात जिवाणू वाढू शकतात. पुसण्याबद्दल: ओल्या हातांवरून जंतूंची देवाणघेवाण कोरड्या हातांपेक्षा कितीतरी सहज होते, त्यामुळे हात कोरडे करणे हा धुण्याचाच भाग आहे, पण दिवसभर वापरलेल्या कपड्याला पुसले तर धुतलेला हात पुन्हा मळतो. स्वच्छ टॉवेल हवा.

जंतुनाशक साबणाचे उत्तर राहिले होते. कराचीतील वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साबणाने हात धुणाऱ्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण निम्म्यावर आले आणि जुलाबही तितकेच घटले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक पडला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटकांना अशा साबणांतून मनाई केली, ती उत्पादकांना त्यांची उपयुक्तता आणि सुरक्षितता सिद्ध करता आली नाही म्हणून. साधी वडी घ्या.

प्रतिसाद – मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. तेलाची आणि साबणाच्या दोन टोकांची गोष्ट मी मुलीला बशीत तेलाचा थेंब टाकून दाखवली. त्यानंतर ती स्वतःहून हात धुवायला गेली आणि मी प्रथमच नीट पाहत उभी राहिले. साबणदाणी तिच्या डोक्याच्याही वर होती. वडी काढायला ती चवड्यांवर उभी राहिली, तेव्हा पाणी ओघळून तिच्या कोपरापर्यंत आणि बाहीत गेले. इतके दिवस मी तिला आळशी समजत होते, याचे फार वाईट वाटले. दिरांनी आज साबणदाणी खाली बसवली आहे आणि टॉवेलसाठी तिच्या उंचीवर एक खिळा ठोकला आहे.