दारात आलेल्याला पाणी : तुमचे अनुभव लिहा

गवतफूल
काल भर दुपारी कुरिअरवाला आला. लिफ्ट बंद, चौथा मजला. पार्सल दिलं आणि म्हणाला, "ताई, थोडं पाणी मिळेल का?" मी आत धावले आणि हात गेला तो थेट मावशींच्या पेल्याकडे. भांडी घासायला येतात त्या मावशी. त्यांचा पेला वेगळा कधी झाला, मला खरंच आठवत नाही.

आठवली ती आजी. सातारा जिल्ह्यातलं गाव, पडवीच्या कोनाड्यात पोचे आलेला एक जर्मनचा पेला. दारात आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय आजी सोडायची नाही. पण काही जणांना गूळ वरून टाकायची, पाणी त्या पेल्यातून, आणि पेला त्यांनीच विसळून पालथा घालायचा. सात वर्षांची असताना मी त्यातून पाणी प्यायले तर पाठीत धपाटा बसला होता. आजीवर माझा फार जीव, म्हणून हे लिहायला जड जातंय.

कुरिअरवाल्याला आमच्या रोजच्या ग्लासातून दिलं. उभ्या उभ्या दोन ग्लास प्यायला. दिलेलं, मिळालेलं, न मिळालेलं, कुठल्याही पाण्याचं लिहा.

रानवारा
लातूर, २०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो उन्हाळा. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावलेली. शेजारच्या काकू रांगेत चार तास उभ्या राहून दोन घागरी आणायच्या आणि त्यातला तांब्याभर भंगारवाल्याला द्यायच्या. आई बोललीच, अहो स्वतःला ठेवा. तर म्हणाल्या, तो दिवसभर उन्हात असतो, मी चारच तास होते.

चिंचबोर
मी डिलिव्हरीच्या पोरांना नेहमी विचारते, पण बरेच जण नको म्हणतात. संकोच वाटत असेल का?
बाय द वे आमचा माठ झिरपतोय, नवीन लाल घ्यावा की काळा?

दोनचाकी
@चिंचबोर, दीड वर्ष हे काम केलंय म्हणून सांगतो. संकोच नसतो. पाणी प्यायलं की लघवीला जायचं कुठे? सोसायटीत वॉचमनची मोरी असते, तीही वापरू देत नाहीत. मी सकाळी दहा ते चार पाणी टाळायचो, पुढे मुतखडा झाला. एका घरातले आजोबा पाण्याआधी विचारायचे, "बाथरूमला जायचंय का बाळा?" ते घर अजून लक्षात आहे. पाणी विचारता ना, तेव्हा हेही विचारा.

चिंचबोर
बापरे. हे कधी डोक्यातच आलं नाही. आजपासून विचारेन.

मायमाउली
आमच्याकडे आशाताई येतात त्यांचंही हेच. दिवसभर घरोघर फिरतात, पण बाईमाणूस, विचारणार कोणाला?
माठ काळा घ्या. आणि वाळ्याची जुडी टाका.

ओंजळ
गवतफूल, तुमच्या आजीकडच्यासारख्या पेल्यातून माझे आजोबा पाणी प्यायलेत. ते सांगायचे, गूळ वरून पडताना ओंजळ हलू द्यायची नाही, खाली पडला तर त्यांच्या पायाशी वाकावं लागतं.

आम्ही दर २० मार्चला महाडला जातो. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले तो दिवस. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ मध्येच झाला होता. कागदावर. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आजोबा तिथलं पाणी तोंडाला लावायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत.

तुम्ही आजीला झाकून ठेवलं नाहीत, हे बरं केलंत.

रानवारा
ओंजळ 🙏 ओंजळ हलू द्यायची नाही... हे वाचून पुढे काही वाचवेना.

गवतफूल
ओंजळ, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. त्या माणसांची नावंसुद्धा आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

आज मावशींना आमच्या कपातून चहा दिला. त्या म्हणाल्या, "नको ताई, फुटंल. माझा पेलाच द्या." मला काय बोलावं सुचेना. मग मीही स्टीलचा पेला घेतला. दोघी ओट्यापाशी बसून प्यायलो. त्यांच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय, तीन वर्षांत पहिल्यांदाच घरचं काही बोलल्या.

चिंचबोर
काळा माठ आणला. पाण्याला मातीची चव येतेय.

मायमाउली
दोन दिवस भरून ते पाणी झाडांना घाला, मग प्या. गवतफूल, सुनेला डिंकाचे लाडू लागतील, मी पाठवते.