मदत हवी आहे: केबलचालकाची उलाढाल कशी मोजायची? फोन कंपनीला एक माप आणि आम्हाला दुसरं का?

नमस्कार मंडळी. जीएसटी किंवा ट्रायच्या (फोन आणि टीव्ही वितरणाची नियामक संस्था) नियमांची माहिती असलेल्या कोणीही कृपया वाचावं. थोडं लांब झालंय.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे बाबा १९९६ पासून केबल चालवतात. मी पुण्यात नोकरी करते, हिशेबाचं काम मात्र माझ्याकडेच असतं. एकेकाळी चौदाशेच्या वर जोडण्या होत्या, आता ६२० उरल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एका फोन कंपनीने गावात फायबर आणलं. इंटरनेटच्या पॅकमध्येच ॲपवर टीव्ही चॅनेल मिळतात, त्यामुळे लोक बॉक्स परत आणून देतात. त्यांना दोष देत नाही. मीही पुण्यात तेच वापरते.

अडचण अशी आहे. ग्राहक महिन्याला साधारण ३०० रुपये भरतो, कर वेगळा. त्यातले १३० नेटवर्क शुल्काचे, उरलेले १७० रुपये सशुल्क चॅनेलचे. (१३० ची कमाल मर्यादा ट्रायने जुलै २०२४ मध्ये काढली, पण आमच्या एमएसओने, म्हणजे आम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीने, दर तोच ठेवलाय.) ट्रायच्या नमुना करारात वाटणी ५५:४५ आहे (५५ एमएसओचे, ४५ केबलचालकाचे), आमचीही तीच. म्हणजे १३० मधले ५८ रुपये ५० पैसे बाबांचे. चॅनेलच्या किमतीतले २० टक्के वितरणाचे आणि त्यातले ४५ टक्के आमचे, म्हणजे १५ रुपये ३० पैसे. एका जोडणीमागे ७३ रुपये ८० पैसे हातात राहतात. वर्षाचे साडेपाच लाखांच्या आतबाहेर. त्यातून एका मुलाचा पगार, कंट्रोल रूमचं लाइट बिल, वायर, अँप्लिफायर, पावसाळ्यातल्या दुरुस्त्या.

पण गोळा होणारी रक्कम धरली तर ६२० गुणिले ३०० गुणिले १२, म्हणजे २२ लाख ३२ हजार. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. बाबांनी नोंदणी केलेली नाही, कारण त्यांच्या मते त्यांचं उत्पन्न साडेपाच लाख आहे. मागच्या महिन्यात विचारणा करणारं पत्र आलं आणि तेव्हापासून त्यांना नीट झोप नाही. २०१७ च्या आधी दर जोडणीमागे करमणूक कर भरायचे, त्याची चलनं अजून ट्रंकेत जपून ठेवली आहेत. कर चुकवणारा माणूस नाही तो.

आता ज्यासाठी धागा काढला ते. गावातल्या केबलवाल्यांची संघटना ट्रायला आणि खासदारांना निवेदन देणार आहे आणि मसुदा माझ्याकडे आलाय. त्यात लिहिलंय की फोन कंपन्यांना सगळं मोकळं आणि आम्हालाच जाच. मी तसं लिहून देणार नाही, कारण ते खरं नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित उत्पन्नावर (एजीआर, म्हणजे ठरावीक रकमा वजा करून धरलेलं उत्पन्न) ८ टक्के परवाना शुल्क भरतात, स्पेक्ट्रमचे पैसे वेगळे. डीटीएचवाल्यांनाही परवाना शुल्क आहे. केबलला ते नाहीच. आम्ही पूर्वी पोस्टात वर्षाला ५०० रुपये भरून नोंदणी करायचो, जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन ५ वर्षांसाठी ५००० भरायचे. ट्रायनेच २०२३ मध्ये डीटीएचचं शुल्क उतरवत नेऊन शून्यावर आणायची शिफारस केली, कारण केबलला ते शुल्क नाही. म्हणजे इथे झुकतं माप आमच्या बाजूने होतं, ते मान्य करायला हवं.

खरी तक्रार उलाढाल मोजण्याची आहे. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर निकालाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. तोही वाद हाच होता की कोणतं उत्पन्न धरायचं आणि कोणतं नाही. कंपन्या हरल्या, प्रचंड थकबाकी निघाली. पण त्या कंपन्यांच्या परवान्यातच एक सोय आहे: दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर कॉल पोचवायला जे पैसे प्रत्यक्ष दिले जातात, ते उत्पन्नातून वजा होतात. दुसऱ्याच्या वाट्याचा पैसा फक्त हातातून गेला, तो तुमचा नव्हता, हे तिथे मानलं जातं. मग वाहिनीवाल्यांचा आणि एमएसओचा पैसा बाबांच्या हातातून जातो, तो त्यांचा कसा? परवाना शुल्क वेगळं आणि जीएसटी वेगळा, हे मला कळतं. न्यायाचं तत्त्व मात्र एकच वाटतं. चुकत असेन तर सांगा.

दुसरी तक्रार चॅनेलच्या दरांची. बाबा ट्रायच्या चौकटीबाहेर एक पॅकही विकू शकत नाहीत. त्याच वाहिन्या ॲपवर आल्या की दराची ती चौकट लागू नाही, मजकुरापुरते २०२१ चे माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियम लागतात.

खांबांबद्दलही लिहायचं होतं. आमच्या वायरी काढा अशी नोटीस आहे, त्याच खांबांवरून फायबर मात्र बिनबोभाट गेलंय. दूरसंचारच्या नियमांत ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. आम्हाला असं काही आहे का?

भर, दोन दिवसांनी: सगळ्यांचे मनापासून आभार. एका प्रतिसादातून कळलं की केबल कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने कलम ४ब आलंय आणि सार्वजनिक जागेतून केबल टाकण्याचा हक्क त्यात आहे. तीस वर्षं धंद्यात असून बाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. नोटिशीच्या उत्तरात ते घालतेय.

जीएसटीबद्दल मिळालेलं उत्तर कडू आहे, पण खरं आहे. जीएसटी कायद्याच्या कलम २२ च्या स्पष्टीकरणानुसार दुसऱ्याच्या वतीने केलेला पुरवठाही मर्यादेच्या हिशेबात धरतात. म्हणजे "मी फक्त एजंट" म्हणून सुटका नाही. मुद्दा एवढाच उरतो की पुरवठा कोणी केला, बिल कोणाच्या नावाने निघालं. आमच्याकडे बिल एमएसओच्या पोर्टलवरून त्यांच्याच नावाने निघतं, बाबा मात्र त्यावर आपल्या पुस्तकातली पावती फाडतात. छपाई जुनी आहे, वर आमच्या केबलचं नाव आणि खाली बाबांची सही.

या पावतीमुळे पुरवठा बाबांचा ठरतो, की ती फक्त पैसे मिळाल्याची पोच धरली जाईल? असं प्रकरण कोणी स्वतः हाताळलं असेल तर कृपया लिहा. रविवारी पुस्तकं आणि एमएसओचा करार घेऊन बाबांबरोबर बसणार आहे. त्याआधी कळलं तर सल्लागाराकडे जाताना काय काय सोबत न्यायचं ते ठरवता येईल.