मदत हवी आहे : अन्नपूर्णा बेस कॅम्प, देउरालीचा टप्पा

नमस्कार मंडळी, लेक मार्चअखेरीस अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघाली आहे. सॅक आत्ताच दारात भरून ठेवलीय, वर बर्फात घसरू नये म्हणून बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स बांधलेले.

८०९१ मीटरचं अन्नपूर्णा शिखर, माणसाने सर केलेलं आठ हजार मीटरवरचं पहिलं. १९५० साली फ्रेंच गिर्यारोहक एर्झोग आणि लाशनाल माथ्यावर पोहोचले, पण हिमदंशाने दोघांच्याही पायाची बोटं गेली, एर्झोगच्या हाताचीही. ती शिखरावर जाणार नाही, कळतं मला. माझा जीव अडकलाय तो खालच्या दरीत. जिथून बर्फ कोसळतो ते हिउंचुली शिखराचे उतार वाटेवरून नीट दिसतही नाहीत आणि जानेवारी २०२० मध्ये वाटेवरच्याच हिंकू गुहा-देउराली पट्ट्यात हिमस्खलनाने कोरियन ट्रेकर आणि नेपाळी सोबती गेले.

मार्चमध्ये जाऊन आलेल्यांनो, देउराली पहाटे किती वाजता सोडलंत? मोदी खोला नदीपलीकडची पर्यायी वाट सुरू होती का? ताजा बर्फ पडल्यावर तुमच्या वाटाड्याने किती दिवस थांबवलं?