ओबामा, हिलरी आणि आता नोव्हेंबर : तुमच्याकडे काय झालं?

हिलरीबाईंनी ७ जून २००८ ला ओबामाला पाठिंबा दिला आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं, जानेवारीत आयोवा राज्यापासून चालू असलेलं गुऱ्हाळ एकदाचं थांबलं. कोण चांगलं कोण वाईट यावर भरपूर भांडून झालंय, त्यामुळे इथे फक्त तुमच्या राज्यात काय पाहिलंत आणि ४ नोव्हेंबरला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काय करणार ते लिहा. मी सुरुवात करते.

मी टेक्सासमधल्या ऑस्टिनची. आमच्याकडे ४ मार्चला दिवसा प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, मत द्यायचं आणि रात्री परत त्याच जागी जाऊन कॉकस, म्हणजे त्याचसाठी पक्षाची सभा. दुपारी मत देऊन आले, कुकर लावला, आणि सव्वासातला पुन्हा हजर तर लाइन पार पार्किंगच्या टोकापर्यंत, लेकुरवाळ्या बायका, वॉकर घेतलेले आजोबा, सगळे. आत भाषणबिषण काही नाही, कागदावर नाव-पत्ता आणि पुढे उमेदवाराचं नाव लिहून सही करायची बस. तेही कागद संपले म्हणून कोणीतरी वहीची पानं फाडून रेघा मारत बसलेलं! टीव्हीवर हिलरी जिंकली म्हणून जल्लोष, आणि हिशोब केल्यावर प्रायमरीत तिला ६५ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी), ओबामाला ६१, पण कॉकसचे २९-३८ धरले की ती ९४ आणि तो ९९. नागपूरहून सासूबाई फोनवर विचारतात, "अगं मग जिंकलं कोण?" काय सांगणार, कप्पाळ! मी ओबामावाली, नोव्हेंबरातही तोच.

---

तुमचं निदान मोजलं तरी. मी मिशिगन, ट्रॉय. आमच्या राज्याने पक्षाच्या वेळापत्रकाआधीच घाई करून १५ जानेवारीला प्रायमरी उरकली म्हणून पक्षाने डेलिगेट काढून घेतले, ओबामा आणि आणखी एक उमेदवार एडवर्ड्स यांनी नावं मागे घेतली, हिलरीचं राहिलं. मला ओबामाला द्यायचं होतं, नाव लिहून दिलं तर ते धरणार नाहीत, म्हणून 'अनकमिटेड' (कोणालाच बांधील नाही) समोर खूण केली. आमच्यासारखे ४० टक्के निघाले. मग ३१ मेला वॉशिंग्टनमध्ये पक्षाची कमिटी बसली आणि ६९ हिलरीला, ५९ ओबामाला, प्रत्येक डेलिगेटचं अर्धंच मत, असं वाटप करून टाकलं. ज्याचं नाव मतपत्रिकेवरच नाही त्याला ५९! माझ्या बाजूने झालं तरी सांगतो, हे काही पटलं नाही. हिलरीवाले चिडले ते उगाच नाही चिडले.

---

चिडलोच आहोत. एडिसन, न्यू जर्सी, ५ फेब्रुवारीला आम्ही हिलरीला जिंकवलं. गेल्या वर्षी ओबामाच्याच ऑफिसातून हिलरीला 'पंजाबची सिनेटर' म्हणणारं टिपण निघालं होतं, भारतीयांकडून पैसे घेते म्हणून. नंतर त्याने चूक झाली म्हटलं, ठीक आहे, पण मी नाही विसरले. आमच्या भिशीत दोघीजणी सरळ रिपब्लिकन पक्षाच्या मॅकेनला देणार म्हणतायत. मी त्यांना म्हटलं बाई गं, सुप्रीम कोर्टाचे जज कोण नेमणार याचा तरी विचार कर! मी नाक दाबून ओबामाला देईन, पण दारोदार हिंडायला मला बोलवू नका.

---

मॅकेनला देणारा मी एक आहे बरं का, लपवत नाही. इराकमधून तारखा जाहीर करून बाहेर पडायचं हे मला मान्य नाही आणि टॅक्सचंही आहेच. गॅस (म्हणजे पेट्रोल) महागल्यावर उन्हाळ्यापुरता गॅस टॅक्स माफ करू असं तो आणि हिलरी दोघंही म्हणत होते, ती मात्र मला शुद्ध थापेबाजी वाटली, तिथे विरोध करणाऱ्या ओबामाचं बरोबर होतं.

---

एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वर आहे, मत नाही, देणगी पण देता येत नाही. ग्रीन कार्डवाले निदान पैसे देऊ शकतात. ऑफिसात लंचला सगळे मलाच विचारतात तू कोणाचा, कारण बाकीचे एकमेकांशी बोलेनासे झालेत :)

---

एच-वन, अगदी अगदी! फ्लोरिडावाले कोणी आहेत का इथे? तुमच्याकडे तर दोघांचीही नावं होती, प्रचार कोणी केला नाही, आणि तरी अर्धंच मत. ते जरा सविस्तर लिहा. आणि टेक्सासवाल्यांनो, नवे सिटिझन झाला असाल तर या निवडणुकीसाठी ६ ऑक्टोबर २००८ च्या आत मतदार नोंदणी करा, नंतर घेत नाहीत.