बेडसोरला ड्रेसिंग कुठलं? गॉज, फोम की हायड्रोकोलॉइड

सुप्रिया_के
सासूबाई ७६ वर्षांच्या, पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून पलंगावरच आहेत. माकडहाडावर जखम झालीय, नाण्याएवढी, वरची कातडी गेलीय, आत लालभडक, पण खड्डा नाही. ड्रेसिंगला येणारे दादा रोज पोविडोन आयोडीन लावून कोरडा गॉज चिकटवून जातात आणि दुसऱ्या दिवशी तो जखमेलाच धरलेला असतो, ओढला की रक्त. सासूबाईंना बोलता येत नाही पण माझं मनगट असं आवळतात की काय सांगू. मेडिकलवाला म्हणतो हायड्रोकोलॉइड (जखमेवर चिकटून आत जेल होणारी पट्टी) न्या, नणंद म्हणते फोम (स्पंजसारखी पाणी शोषणारी पट्टी), शेजारच्या काकू म्हणतात मध लाव. फरक काय नक्की? एकेक पीस महाग आहे म्हणून आधी विचारतेय.

वॉर्डातली_ताई
स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली. आधी तो कोरडा गॉज बंद करा, रोज नवी कोवळी कातडी उपटून निघतेय त्याच्याबरोबर. चिकटलाच असेल तर सलाईनने चिंब भिजवायचा, सुटेपर्यंत थांबायचं. लाल स्वच्छ जखमेवर रोज आयोडीन पण नको, जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. जखम वाळली पाहिजे हे आपल्या डोक्यातून जातच नाही, १९६२ सालीच विंटर नावाच्या माणसाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय की झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते.

वर्णनावरून स्टेज २ (वरची कातडी गेलेली, पण खोल नाही) वाटतेय, तरी डॉक्टरांना एकदा दाखवाच. जखमेतून पाणी कमी सुटत असेल तर हायड्रोकोलॉइड चालतं, तीन ते सात दिवस राहतं. काढताना खाली पिवळट, वास मारणारा चिकट लगदा दिसेल, लोक पू समजून घाबरतात, तो ड्रेसिंगचाच जेल असतो, धुऊन मग जखम बघा. पण माकडहाडावर त्याच्या कडा गुंडाळतात आणि शी-शू आत जाते, म्हणून तिथे मी सिलिकॉन बॉर्डरचं फोमच लावते, हळूच उचलून बघून परत बसवता येतं. अल्जिनेट (समुद्री शेवाळाचं) खूप पाणी सुटणाऱ्या खोल जखमेसाठी, तुमच्याकडे नको, उलट चिकटेल. जखमेवर लावायचा स्टराइल मेडिकल मध वेगळा मिळतो, डब्यातला लावू नका प्लीज.

अण्णा६२
बायकोचं दोन वर्षं केलं. मी आधी ट्यूबसारखी गोल रिंग आणून खाली ठेवली होती, मूर्खपणा, कडेनं दाब येऊन आजूबाजूचं अजून लाल झालं. मग एअर बेड, दर दोन तासांनी मोबाईलचा अलार्म, पाठीमागे गोधडीची गुंडाळी घालून थोडंसं कुशीवर, पूर्ण कुशीवर नाही. पलंगाचं डोकं फार वर ठेवू नका, माणूस खाली घसरतो आणि कातडी ओढली जाते. फोम महाग वाटलं पण चार दिवस टिकायचं, त्यात रोजचा ड्रेसिंगवाला वाचला.

डॉ_रात्रपाळी
ताईंचं बरोबर, फक्त एक. २०१७ चा कॉक्रेनचा (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) रिव्ह्यू आहे, ५१ चाचण्या, २९०० च्या वर पेशंट, आणि निष्कर्ष काय तर अमुक ड्रेसिंगने बेडसोर जास्त भरतात असं खात्रीने म्हणता येत नाही. तेव्हा सगळ्यात महाग ते सगळ्यात भारी असं समजू नका. दाब हटला नाही तर कुठलंच चालणार नाही. आणि जेवणात प्रोटीन किती जातंय?

सुप्रिया_के
पेज आणि वरणाचं पाणी 😞 गिळायला त्रास होतो ना. आणि आज बघितलं तर डाव्या टाचेला काळी कडक खपली आहे, ती काढू का?

वॉर्डातली_ताई
अजिबात हात लावू नका! कोरडी, घट्ट बसलेली असेल तर तीच झाकण आहे. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा, आणि टाच पण डॉक्टरांना दाखवा. खपली मऊ पडली, कडेला लाली-सूज आली, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गिळण्याचं स्पीच थेरपिस्टला दाखवा, तोवर डॉक्टरांना विचारून वरण घट्टसर करून बघा, पाण्याने कधीकधी ठसका जास्त लागतो.

सुप्रिया_के
फोम आणलं. आज दादांना पहिल्यांदा सलाईनने भिजवायला लावलं, वैतागले, पण सासूबाईंनी मनगट नाही धरलं.