वीस लाखांची अट आणि तासाचे प्रवासी
'शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या खाली असेल तर मेट्रोचं नावच काढू नये' हे मत अर्धंच पटतं. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी २० लाखांचा आकडा पुढे आला खरा, पण त्याच्या जोडीची अट असं म्हणणारे काढत नाहीत: गर्दीच्या तासाला एका दिशेने किमान १५,००० प्रवासी, तेही सलग ५ किलोमीटर. खरी कसोटी ती. पुण्याचंच गणित मांडा. तीन डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने साधारण ९७० माणसं मावतात. दर चार मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला १५ गाड्या, म्हणजे १४,५०० च्या आसपास, जवळजवळ त्या अटीइतकेच प्रवासी. पिंपरी ते स्वारगेट हा कारखाने, शिवाजीनगर आणि पेठा एका माळेत ओवणारा पट्टा आहे, म्हणून तिथे एवढी गर्दी जमू शकते. तेच लोक दहा दिशांना पांगले तर ५० लाखांच्या शहरातही डबे रिकामे धावतील.

उलट उदाहरण फ्रान्समधल्या रेन शहराचं. वस्ती जेमतेम दोन-सव्वादोन लाख, तरी २००२ पासून मेट्रो चालू आहे. कारण गाडीच लहान: दोन डबे, २६ मीटर लांबी, चालक नाही. गाडी लहान म्हणून फलाट लहान, फलाट लहान म्हणून भुयारी स्थानकाचा खड्डा लहान, आणि सगळ्यात जास्त पैसा खातो तो हा खड्डाच. चालक नसल्याने पगार न वाढवता गाड्या पाठोपाठ सोडता येतात. आपल्याकडे मध्यम शहरंही मोठ्या शहरांसारखेच डबे घेतात, तिथे हिशेब फसतो. नाशिकसाठी रबरी टायरवरच्या जोडबसचा प्रस्ताव पुढे आला तो गर्दी कमी म्हणूनच.