बारकोडचा भार उत्पादकांनी का उचलला?

प्रश्न

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय येथे, मार्श सुपरमार्केटमध्ये, च्युइंगमचे एक पाकीट स्कॅनरवरून गेले आणि किराणा दुकानांतील बारकोडचा वापर तेथून सुरू झाला, असे मानले जाते. मला यातली एक गोष्ट उलगडत नाही. पट्ट्या छापायच्या उत्पादकाने, त्यासाठी वेष्टनाची मांडणी बदलायची त्यानेच, आणि गल्ल्यावरचा वेळ वाचणार तो दुकानदाराचा. मग उत्पादक याला राजी कसे झाले, आणि पुढे त्यांच्या पदरात काय पडले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

उत्पादकांना खरी धास्ती होती ती प्रत्येक दुकानसाखळीने आपापला निराळा संकेतांक मागण्याची. तसे घडले असते, तर एकाच साबणाच्या वडीसाठी गिऱ्हाईक-साखळीगणिक वेगळे वेष्टन छापावे लागले असते आणि गोदामात त्यांचे वेगवेगळे साठे सांभाळावे लागले असते. त्यापेक्षा सर्वांचा मिळून एकच संकेतांक परवडला, म्हणून १९७०च्या सुमारास उत्पादक आणि विक्रेते एका समितीत बसले. तेथेही ओढाताण चुकली नाही. उत्पादकांना ११ अंक हवे होते, कारण खोक्यांवरचे त्यांचे जुने क्रमांक त्यात सामावले असते. विक्रेत्यांना मात्र ७ अंकांत काम भागवायचे होते. अखेर ५ अंक उत्पादकाचे आणि ५ अंक वस्तूचे, अशी तडजोड झाली. त्यांच्या आधी प्रकार सांगणारा एक आणि शेवटी पडताळणीचा एक, असे आजचे १२ अंक होतात. ३ एप्रिल १९७३ रोजी समितीने चिन्ह निवडले. आयबीएमचे जॉर्ज लॉरर यांनी त्याचा आराखडा केला होता.

त्यानंतर जे झाले ते उत्पादकांच्या दृष्टीने अन्यायाचेच होते, असे माझे मत आहे. वेष्टनांवर पट्ट्या झपाट्याने आल्या, पण महागडे स्कॅनर बसवायला दुकानदार कचरत राहिले. पट्ट्यांमध्ये किंमत नसते, ती दुकानाच्या संगणकात असते. त्यामुळे प्रत्येक वस्तूवर किंमतपट्टी चिकटवण्याची मजुरी वाचेल, असा विक्रेत्यांचा हिशेब होता. ग्राहक संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, काही राज्यांनी वस्तूवर किंमत लिहिणे कायद्याने बंधनकारक केले, आणि बचतीचा मोठा भाग तेथेच अडकला.

प्रतिसाद २

मी वेष्टनांच्या छपाईत काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. उभ्या पट्ट्यांना पसंती मिळण्यामागे शाईचे कारण मोठे होते. जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांच्या १९५२ मधील पेटंटात एकात एक वर्तुळेही होती, परंतु यंत्रावर कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला शाई फराटते, आणि वर्तुळ असेल तर ते कोठे ना कोठे बिघडतेच. पट्ट्या त्याच दिशेने छापल्या, तर फराट्याने त्यांची लांबी थोडी वाढते, जाडी मात्र तशीच राहते, आणि स्कॅनर वाचतो ती जाडीच.

रंगाचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. एका खोक्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल पट्ट्या छापल्या. डोळ्यांना त्या ठळक दिसत होत्या, पण स्कॅनरचा प्रकाशही लाल असल्यामुळे त्याला सगळेच पांढरे दिसले. ती संपूर्ण खेप परत आली.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. छपाईची ही बाजू माझ्या ध्यानीमनीही नव्हती. पण मग उत्पादकांना नुसता खर्चच आला का?

प्रतिसाद ३

नाही, तसे म्हणता येणार नाही. पूर्वी उत्पादकाला गोदामातून किती माल निघाला तेवढेच ठाऊक असे. तो माल फळीवरून कधी उचलला गेला, हे कळत नसे. स्कॅनरमुळे प्रत्येक विक्रीची नोंद होऊ लागली आणि पुढे अशा नोंदी विकत मिळू लागल्या. नव्या वस्तूची जाहिरात लागू पडली की नाही, हे त्यातून पडताळता येऊ लागले.

तरीही नोंद जन्माला येते ती दुकानदाराच्या गल्ल्यावर, आणि पारडे तेथेच झुकले. आमचा माल चांगला खपतो, असे विक्रेत्याला नुसते सांगून भागेनासे झाले, कारण कोणती वस्तू किती दिवस पडून आहे हे त्याच्याच संगणकात दिसत होते. १९८०च्या दशकात किराण्याबाहेरच्या मोठ्या साखळ्यांनी बारकोडचा आग्रह धरला, तेव्हा कपडे आणि खेळणी बनवणाऱ्यांनाही पट्ट्या छापणे भाग पडले. दुसरीकडे, वस्तूंचे असंख्य प्रकार सांभाळणे दुकानाला सोपे झाले आणि उत्पादकांना आकार, वास, चव यांचे नवनवे प्रकार बाजारात आणता आले. हा लाभ मला छपाईच्या खर्चापेक्षा खूप मोठा वाटतो.

जाता जाता एक खुलासा करतो. १९७७ मध्ये युरोपात १३ अंकी पद्धत आली. तिचे सुरुवातीचे अंक पाहून वस्तू कोणत्या देशात बनली हे ओळखता येते, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. ते अंक उत्पादकाने क्रमांकाची नोंदणी कोणत्या देशातील संस्थेकडे केली एवढेच सांगतात. कारखाना दुसऱ्याच देशात असू शकतो.